यादी आणि नातं

आज आपण वस्तूंच्या यादीचा नव्हे, वस्तूंमधल्या नात्याचा विचार करणार आहोत. उदाहरण अपोलो १३ चं घेऊ.

यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीत हीटर होता आणि तापमान वाढलं की तो बंद करणारे थर्मोस्टॅटचे स्विच होते. मूळ आराखडा २८ व्होल्टचा. १९६५ मध्ये हीटर ६५ व्होल्टवर चालावा असं ठरलं. स्विच मात्र जुनेच राहिले. मार्च १९७० मध्ये टाकी रिकामी करताना हीटर तासन्‌तास चालू राहिला. स्विच चिकटले, तारांवरचं आवरण खराब झालं. एप्रिलमध्ये चंद्राच्या वाटेवर टाकी फुटली. तिघेही अंतराळवीर वाचले, पण थोडक्यात.

आता बघा, हीटरची नोंद होती, स्विचचीही होती. हीटर बदलला तर स्विचचं काय, हे तपासायचं राहून गेलं.

अंतराळ आणि संरक्षण क्षेत्रातली ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ ही शिस्त पुढे संगणकसेवेत आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने काढलेल्या ‘आयटीआयएल’ पुस्तकमालेने तिला तिथे जागा दिली. सर्व्हर, प्रोग्रॅम, डेटाबेस हे सगळे ‘कॉन्फिगरेशन आयटम’. पण नुसती नावं लिहिली तर ते गोदामाचं रजिस्टर झालं. हा प्रोग्रॅम कुठल्या सर्व्हरवर चालतो, बँकेची कुठली सेवा या डेटाबेसवर अवलंबून आहे, हेही लिहावं लागतं.

आपल्या वैशेषिकांनी द्रव्य आणि गुण यांच्याबरोबर ‘समवाय’ हा संबंधही स्वतंत्र पदार्थ म्हणून मोजला. म्हणून एखादा सर्व्हर बंद करण्याआधी आपण विचारायचं: याच्यावर कोण कोण उभं आहे?