पिकअप सरळ चालते, पण स्टिअरिंग वाकडं? चाकं फिरवण्याआधी कारण शोधा

नागाव (ता. अलिबाग) : नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा पट्ट्यात आता बैलगाडीची जागा पिकअपने घेतली आहे. वाडीतला नारळ, सुपारी, पांढरा कांदा, कोळीवाड्यातली मासळी, बांधकामाची वाळू-सिमेंट, पर्यटकांच्या कॉटेजचं सामान, सगळं पिकअपवरच चालतं. हप्त्यावर घेतलेली ही गाडी घराचा चुलाच असते. पण नवी गाडी घेऊन वर्ष-सहा महिने होत नाहीत तोच अनेकांची एकच तक्रार सुरू होते. गाडी रस्त्यावर सरळ पळते, पण स्टिअरिंग उजवीकडे नाही तर डावीकडे वळलेलं राहतं.

बरेच जण "चालतंय ना, मग काय" म्हणून सोडून देतात. काही जण गॅरेजमध्ये स्टिअरिंगचं चाक काढून एक-दोन दात सरकवून सरळ बसवून घेतात. हे दोन्ही चुकीचं आहे. वाकडं स्टिअरिंग हा स्वतः आजार नाही, आजाराची खूण आहे. खूण पुसली तरी आजार आत राहतो.

आधी तक्रार नीट ओळखा

चार वेगवेगळ्या तक्रारी "अलाइनमेंट गेली" या एकाच नावाने सांगितल्या जातात. त्यांची कारणं वेगळी आहेत.

• गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडं : पुढच्या जोडणीची लांबी बिघडली आहे किंवा मागचा ॲक्सल सरकला आहे.
• स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला ओढते : टायरची हवा, टायर, अडकलेला ब्रेक किंवा चाकांचे कोन.
• स्टिअरिंग दोन-तीन बोटं फिरवलं तरी चाक हलत नाही : स्टिअरिंग बॉक्स, बॉल जॉइंट, किंगपिन यांत ढिलेपणा.
• ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं : बहुतेक वेळा बॅलन्सिंग, कधी वाकलेली रिम किंवा फुगलेला टायर. अलाइनमेंटने हे जात नाही.

आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. तपासणी सपाट जागेवर करा, नाहीतर निरोगी गाडीलाही रोग दिसेल.

तीन कोन, साध्या भाषेत

टो : वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं समोर एकमेकांकडे झुकलेली आहेत की बाहेर पसरलेली, हे टो सांगतो. टायर सगळ्यात जास्त यानेच खातो.

कॅम्बर : समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की आत-बाहेर कललेलं.

कॅस्टर : बाजूने पाहिलं तर चाक ज्या पिनवर वळतं ती पिन मागे किती कललेली आहे. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः यामुळे.

टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाड्यांना पुढेही सरळ ॲक्सल आणि कमान पाटे असतात. अशा गाडीत मशीनवर टो तेवढा बदलता येतो. कॅम्बर ॲक्सलमध्येच ठरलेला असतो. तो चुकला तर ॲक्सल वाकला आहे किंवा किंगपिन झिजली आहे. मारुती सुपर कॅरीला पुढे स्ट्रट आहे, इसुझू डी-मॅक्सला दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीला जे केलं तेच आपल्या गाडीला लागू पडेल असं नाही.

टायरवरचं लिखाण वाचा

पुढच्या टायरवर हात फिरवला तरी बरंच कळतं.

• दोन्ही टायर बाहेरच्या कडेला झिजले : चाकं समोर जास्त जवळ.
• दोन्ही टायर आतल्या कडेला झिजले : चाकं समोर जास्त पसरलेली.
• एकाच टायरची एकच कड झिजली : कॅम्बर किंवा वाकलेला भाग.
• दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला : हवा कमी.
• मधला भाग झिजला : हवा जास्त.
• एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत : टो चुकला आहे.

नुकसान किती, याचा हिशेब सोपा आहे. साधारण 600 ते 700 मिलिमीटर उंचीच्या टायरवर टो 3 मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक पुढचा टायर दर किलोमीटरला दोन-अडीच मीटर आडवा घासत जातो. शंभर किलोमीटरची फेरी केली की दोनशे मीटरहून जास्त घासटणं झालं. वर्षभर फिरणाऱ्या गाडीचे टायर मुदतीआधी का जातात, ते इथे कळतं. वर डिझेलही जास्त लागतं.

मागचा ॲक्सल : सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण

पिकअपचा मागचा ॲक्सल पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो. पाट्यांच्या मध्यातून जाणारा सेंटर बोल्ट त्याची जागा धरून ठेवतो. जास्त भार, खड्डे आणि ढिले यू-बोल्ट एकत्र आले की हा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सलची एक बाजू पुढे-मागे सरकते. मग मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात. ती सरळ ठेवायला पुढची चाकं वळवून धरावी लागतात, म्हणून स्टिअरिंग वाकडं दिसतं. एका बाजूचा फरक फक्त 1 सेंटीमीटर असला तरी स्टिअरिंगवर तो साधारण सात-आठ अंश दिसतो.

अशा गाडीची पुढची अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी उपयोग नाही. मागून येणाऱ्याला गाडी तिरकी पळताना दिसते. घरच्या घरी तपासायचं असेल तर चाकं सरळ ठेवा आणि डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. मग उजव्या बाजूला तसंच मोजा. सेंटीमीटरभर फरक आला तर आधी यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघायला लावा. भार भरलेला असताना गाडीखाली जाऊ नका, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

जास्त माल मावावा म्हणून पाटा वाढवला की गाडीची उंची बदलते आणि सरळ ॲक्सलच्या गाडीत स्टिअरिंगचं केंद्रही सरकू शकतं. काही गाड्यांत रिकामी असताना स्टिअरिंग वाकडं आणि भरल्यावर सरळ दिसतं, ते यामुळेच. शिवाय पाटा वाढवला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे.

खारं वारं आणि मासळीचं पाणी

किनाऱ्यावर एक अडचण जास्तीची आहे. हौद्यातून गळणारं मासळीचं खारं पाणी आणि समुद्राची हवा यांनी टाय रॉडचे आटे गंजतात. टाय रॉडला दोन्ही बाजूंनी आटे असलेल्या गाडीत मिस्त्रीने दोन्ही बाजू सारख्या फिरवायला हव्यात. एक बाजू गंजून अडकली असेल तर जी फिरते तीच फिरवली जाते. मशीनवर टोचा आकडा हिरवा येतो, पण स्टिअरिंग वाकडं होऊन गाडी बाहेर येते. "अलाइनमेंट केल्यावरच स्टिअरिंग वाकडं झालं" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

उपाय कमी खर्चाचा आहे. मासळीची फेरी झाली की गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. आट्यांना आणि नटांना ग्रीस किंवा ऑइल लावा. बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटला असेल तर लगेच बदला. आत वाळू गेली की जॉइंट लवकर संपतो.

स्टिअरिंगचं चाक सरकवून बसवू नका

जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये दात मधोमध सगळ्यात घट्ट बसतात आणि कडेला थोडे सैल असतात. गाडी सरळ जाताना बॉक्स मध्यावर असला पाहिजे. चाक काढून सरळ बसवलं तर दिसायला सरळ, पण आतला बॉक्स मध्यापासून दूरच राहतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग ढिलं लागतं, बॉक्स एकीकडे झिजतो, इंडिकेटर आपोआप बंद होण्याची वेळ चुकते. कार्लेखिंडीच्या वळणावर भरलेल्या गाडीला हा ढिलेपणा परवडत नाही.

योग्य पद्धत अशी : ड्रॅग लिंक सोडवून बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतो ते मोजायचं. निम्म्यावर थांबलं की तो बॉक्सचा मध्य. तिथे स्टिअरिंग सरळ दिसायला हवं. दिसत नसेल तर आधी कोणीतरी चाक सरकवलं आहे. तसं असेल तरच ते मूळ जागी आणायचं. मग पुढची चाकं सरळ करून ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची आणि नट आवळायचे.

टाटा इंट्रासारख्या नव्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आहे, तिथे अलाइनमेंटनंतर स्कॅनर लावून सेन्सरला नवा मध्य शिकवावा लागतो. तसं न केल्यास डॅशबोर्डवर दिवा लागतो किंवा स्टिअरिंग एका बाजूला जड लागतं. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग तर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघडूच नका.

कामाचा क्रम

1. चारही टायरची हवा भार नसताना पुस्तिकेप्रमाणे ठेवा. पुढचे दोन टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत.
2. गाडी ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. मात्र टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवली असेल तर असे बदलू नका.
3. फेरीनंतर चारही चाकांजवळ हात धरा, ड्रमला लावू नका. एक चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक अडकला आहे.
4. किंगपिन, बॉल जॉइंट, बेअरिंग, पाट्याचे बुश यांतला ढिलेपणा काढा. ढिल्या गाडीची अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यात जाते.
5. मागचा ॲक्सल मोजा.
6. मग अलाइनमेंट करा. चारही चाकं मोजणारं मशीन निवडा, स्टिअरिंग लॉक करून काम करायला सांगा आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची चिठ्ठी मागून घ्या.
7. शेवटी मिस्त्रीला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर चालवून बघा, मगच पैसे द्या.

नवीन गाडी घेतलेल्यांसाठी

ताबा घेण्याआधीच चालवून बघा. स्टिअरिंग वाकडं असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहून घ्या. नवे पाटे पहिल्या काही फेऱ्यांत बसतात, म्हणून पहिल्या सर्व्हिसला यू-बोल्ट आवळून घ्या आणि स्टिअरिंग तपासून घ्या. अलाइनमेंटला वॉरंटी बहुतेक वेळा सुरुवातीच्या थोड्या काळापुरतीच मिळते. पुस्तिकेतला नियम वाचा आणि तक्रार जॉब कार्डवर नोंदवूनच गाडी आत द्या. तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध होत नाही.

वारंवार सांगूनही काम होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. पुढचा टप्पा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, रायगडचा आयोग अलिबागलाच आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं. 5 ते 10 लाखांच्या गाडीसाठी शुल्क 200 रुपये. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच आहे.

पावसाळा संपला की एकदा आणि मोठा खड्डा किंवा दगड लागला की लगेच, एवढ्या दोन वेळा तरी ही तपासणी चुकवू नये.