शिंगाच्या पेनामागचे रबर

लेथवर कातलेले शिंगाचे पेन हातात घेतले की हे एखाद्या जुन्या परंपरेचे उरलेले रूप असावे असे सहज वाटते, आणि विकतानाही बहुधा तसेच सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. शिंगाचे काम फार जुने आहे, लेखनाशी शिंगाचे नातेही जुने आहे. पण शाईचे पेन शिंगातून कातण्याचे कसब शिंगकामातून आलेले नाही. ते आले एबोनाइटच्या, म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या पेनांतून. ज्या पदार्थाने एके काळी शिंगाला बाजारातून हुसकले, त्यानेच शिंगाला पेन होण्याची वाट दाखवली.

शिंग लेखनात होते ते दौतीच्या रूपाने. मध्ययुगीन युरोपात लेखनिक शिंगाच्या दौतीत शाई ठेवत, आणि मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीवर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवत. लिहिण्यासाठी मात्र त्यांच्या हाती पीस असे, आपल्याकडे बोरू. आपल्या कोकणात विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत; एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांनी त्यांची आवर्जून दखल घेतली आहे. शिंगाला खोबरेल लावून विस्तवासमोर धरायचे, मऊ झाले की दाबून आकार द्यायचा, अशी ती रीत. ओडिशातल्या पारलाखेमुंडीचे कोरीव पशुपक्षी आणि उत्तर प्रदेशातल्या संभलचे कंगवे व बटणे याच मोठ्या कुळातली. शिंग म्हणजे केरॅटिन, आपल्या नखांचेच द्रव्य. उष्णतेने ते वाकते, आणि या गुणावरच शिंगकाम उभे राहिले. लेथवर हाच गुण आड येतो. छिद्र पाडताना शिंग तापले की फुगते, थर सुटतात, जळक्या केसांचा वास येतो. विस्तवाशी मैत्री करून पिकलेला हात इथे थेट उपयोगी पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की शिंग कातणारे कारागीरही होतेच. सुऱ्यांच्या मुठी, बटणे, बुद्धिबळाची प्यादी लेथवर होत आली आहेत. खरे आहे. पण मूठ बाहेरून गोल झाली की काम संपते. पेनाला आतले छिद्र बाहेरच्या गोलाईशी एककेंद्री लागते, एकमेकांत घट्ट बसणारे बारीक आटे लागतात, आणि टोपण लावल्यावर निब सुकू नये इतकी हवाबंद बसणी लागते. हे कसब एबोनाइटने शिकवले. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने 1851 मध्ये त्याचे पेटंट घेतले. 1854 मध्ये कॉनराड पॉपेनहुसेन या जर्मन उद्योजकाने न्यूयॉर्कजवळ कॉलेज पॉइंटला कठीण रबराचा कारखाना हलवला, आणि तिथला मुख्य माल होता कंगवे. शिंगाच्या आणि कासवाच्या पाठीच्या कंगव्यांची जागा रबराने घेतली ती अशी. पुढे 1884 मध्ये वॉटरमनने फाउंटन पेनाचे पेटंट मिळवले तेव्हा हा पदार्थ तयारच होता. शाईने तो कुजत नाही, आटे स्वच्छ पडतात, आणि त्यातून शाई पोचवणारी जीभही कापता येते.

भारतात हे काम स्वदेशीच्या ओढीने रुजले. गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीत रत्नम यांनी बनवलेले पेन गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे पोचले, आणि जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून परदेशी पेनांना ते चांगला पर्याय असल्याची पावती दिली. हाताने कातलेली अशी देशी पेने बहुतेक ड्रॉपरने शाई भरायची. त्यात शाई थेट पोकळ दांड्यातच राहते, म्हणून दांड्याचा पदार्थ ओल न शोषणारा हवा. शिंग ओल शोषते. मग शिंगाच्या दौतीत शतकानुशतके शाई कशी राहिली, असा प्रश्न योग्यच आहे. उत्तर हे की दौतीला आटे नसतात. ती किंचित फुगली तरी बिघडत काही नाही. पेनात तेवढ्याने टोपण अडकते, किंवा वाळल्यावर सैल होऊन शाई झिरपते.

म्हणूनच आजचा जाणता कारागीर शिंगाला शाईपासून दूर ठेवतो. म्हशीच्या शिंगाचे टोक भरीव असते, ते तो घेतो. बुडाचा पोकळ भाग कामाचा नाही. गव्याचे शिंग तर 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वर्ज्यच आहे, आणि ते योग्य आहे. टोक हळूहळू पोखरून आत पितळी नळी किंवा एबोनाइटचे अस्तर बसते, निबेकडचा भाग आणि आटे एबोनाइटचे, शाई कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आत बसवायच्या वेगळ्या छोट्या नळीत. शिंग उरते ते हाताला लागणाऱ्या पृष्ठभागापुरते. यात कमीपणा नाही. काळ्या शिंगातून जाणारी करडी रेघ दुसऱ्या कुठल्या पेनात मिळत नाही, आणि ती जपण्यासाठी लागणारा संयम मोठा आहे. मात्र असे पेन घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आटे कशाचे आहेत ते आधी विचारावे. आणि त्या पेनाची गोष्ट सांगताना अर्धा मान विजयदुर्ग-संभलच्या शिंगकामाला दिला, तर उरलेला अर्धा राजमहेंद्रीसारख्या गावांत रबराच्या कांड्या कातत बसलेल्या कारागिरांना द्यावा.