बुरुजाखालची जागा

ग्वाल्हेर स्टेशनावर उतरून शहराकडे निघाले की लगेच पडाव ही वस्ती लागते. पडाव म्हणजे मुक्कामाची जागा, तळ. शहरातील लष्कर या भागाचे नावही त्याच कुळातले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे आपल्या फौजेची छावणी वसवली. पुढे छावणीचे नगर झाले, पण नाव तेवढे राहिले. या पडावात एक मराठी गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेले हे काका १९७१ च्या युद्धात रणगाड्याचे चालक होते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मेजावर एक वीतभर लांबीचा सेंच्युरियन रणगाडा उभा होता. त्याचा वरचा फिरता बुरूज काढून बाजूला ठेवला होता आणि काका चिमट्याने आत एक इवलीशी बैठक बसवीत होते.

शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, बुरूज लावल्यावर हे कोणाला दिसणार?" आजोबांनी उत्तर दिले नाही. तो प्रश्न मात्र माझ्या मनात घोळत राहिला.

अशी प्रतिकृती करणे हे केवळ हौसेचे काम नव्हे, हिशेबाचेही आहे. प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस येथे पाच सेंटिमीटरांचा होतो. बाजारात मिळणाऱ्या संचात बाहेरचे अंग तयार असते. आतले अंग काकांनी प्लॅस्टिकचे पत्रे कापून आणि तारा वळवून स्वतः घडवले होते. त्यात एक अडचण येते. खऱ्या सेंच्युरियनच्या कुशीचे चिलखत ५१ मिलिमीटर जाडीचे. पस्तिसाने भागले तर ते जेमतेम दीड मिलिमीटर भरते. प्रतिकृतीची भिंत दोन मिलिमीटर असली, तरी ती प्रमाणाने सात सेंटिमीटरांची होते, आणि तेवढी आतली जागा आक्रसते. म्हणून भिंत आतून कानशीने घासून पातळ करावी लागते. बाहेरून पाहणाऱ्यास हा फरक कधीच कळणार नाही. तो कळतो आत माणूस बसवू लागल्यावर.

रणगाड्याचा इतिहास पाहिला तर नेमके हेच दिसते. इंग्लंडात लिंकन येथील कारखान्यात ट्रिटन आणि विल्सन यांनी नव्या यंत्राचा आराखडा केला आणि सप्टेंबर १९१५ मध्ये त्याचा पूर्णाकृती लाकडी नमुना अधिकाऱ्यांसमोर ठेवला. वर्षभरातच, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम उतरले. बाहेरून पाहणाऱ्या शत्रूला तो लोखंडी राक्षस वाटला. आत मात्र आठ माणसे आणि १०५ अश्वशक्तीचे इंजिन एकाच कोठडीत कोंबलेले होते. धूर, असह्य उष्णता आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांत बोलणे ऐकू येत नसे. इंजिनच्या आवरणावर ठोकून किंवा हातांनी खुणा करून काम चालवावे लागे. नुसते वाहन वळवायला चौघांचे हात लागत. बाहेरचे चित्र सामर्थ्य सांगते. त्या सामर्थ्यासाठी माणसाने काय सोसले, ते आतले चित्र सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस निघालेला सेंच्युरियन हा त्या मानाने सुधारलेला संसार. इंजिन मागे, आडभिंतीपलीकडे. चालक पुढे उजवीकडे, एकटा. बुरुजात तिघे: उजव्या अंगास गोलंदाज, त्याच्या मागे कमांडर आणि डावीकडे गोळे भरणारा. १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर जखमी होऊनही मागे जाण्यास राजी झाले नाहीत. १६ सप्टेंबर रोजी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पराक्रमाच्या अशा कथा ऐकताना आपण तोफेची नळी डोळ्यांपुढे आणतो, त्या कोठडीतली हातभर जागा आणत नाही.

आतले अंग विसरण्याची ही सवय ग्वाल्हेरलाही आहे. जयविलास राजवाड्यात चांदीची एक लहानगी आगगाडी आहे. यंत्रांचे आणि आगगाड्यांचे वेड असलेल्या माधवराव शिंदे महाराजांसाठी नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या पेढीने ती १९०६ मध्ये बनवली. मेजवानीच्या मेजावर रुळांवरून ती पाहुण्यांसमोर मद्याच्या सुरया आणि चिरूट फिरवी. सात डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी आडनावाचे एकेक अक्षर आहे. पाहणारे चांदीच वाखाणतात. परंतु खरी करामत चांदीखाली आहे. सुरई उचलताच विजेचे मंडल तुटून गाडी थांबे आणि ती पुन्हा जागेवर ठेवताच चालू लागे.

याच महाराजांनी प्रजेसाठीही एक लहान गाडी धावती केली. दोन फूट रुंदीच्या रुळांचा तो मार्ग १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचला. सुमारे २०० किलोमीटरांची ती वाट २०२० मध्ये बंद पडली. आता तेथे रुंद रूळ येत आहेत. त्या गाडीची छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण बहुतेक बाहेरून घेतलेली. डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांस कसे लागत, गाठोडी कोठे ठेवीत, हे बसलेल्यांनाच ठाऊक, आणि ती माणसे एकेक करून कमी होत आहेत. राजाचे खेळणे संग्रहालयात सुरक्षित आहे. प्रजेच्या डब्याचा अंतर्भाग कोणी मापून ठेवला तरच उरेल.

चहा घेताना काका आपण होऊन बोलले. त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसला, तेव्हा गोळे भरणारा त्यांचा सोबती बुरुजातच गेला. "मी पुढे चालकाच्या जागी," ते म्हणाले. "लढाई चालू असताना मी त्याला पाहिलेच नाही. कानावरच्या यंत्रातून आवाज येत होता, तो थांबला, एवढेच. तो कसा बसला होता, हात कोठवर पोहोचत होता, हे मला या वयात मापे घेताना कळले."

नातू गप्प झाला. मग त्याने बुरूज उचलून हलकेच जागेवर ठेवला आणि डिंकाची नळी पुढे केली. काकांनी ती बाजूला सारली. बुरूज त्यांनी चिकटवला नाही. नुसता ठेवला आहे. ज्याला आत पाहायचे असेल, त्याला तो आजही उचलून पाहता येतो.