उपड्या मडक्याचं कूळ

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू होते. मुरबाड तालुक्यातल्या खांबलिंगेश्वराची ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. यात्रेच्या आगेमागे धसई, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात फिरलं, की भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वाल उभा दिसतो. शेंगा भरत आलेल्या असतात, पण जून झालेल्या नसतात. बांधावर भांबुर्डा नावाचं तण माजलेलं असतं. पेंढा रचून ठेवलेला असतो. रात्री चांगलीच थंडी पडते. या चार गोष्टी एकाच वेळी हाताशी येतात, तेव्हा पोपटी लागते, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरून शेतातच जाळावर शिजवतात.

या भागाची ओळख अनेकांना वेगळ्या कारणाने आहे. 1 डिसेंबर 2016 रोजी धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं आणि वर्तमानपत्रांत गाजलं. डोंगर चढणारे तर त्याच्याही आधीपासून या बाजूला येत आहेत. गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या पायथ्याला, नाणेघाटाखाली हिवाळ्यात तंबू पडतात. वीस-पंचवीस जणांचा गट असतो, कल्याणहून बर्फात घालून आणलेली कोळंबी असते आणि एक भलंमोठं पातेलं असतं. त्यात कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे, मसाल्याचं पाणी एकदम उकळायचं, निथळून कागदावर ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून खायचं, असा तो बेत. हा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा प्रकार आता इथल्या मुलांनाही माहीत झाला आहे.

त्या पातेल्याची कुळकथा चांगली आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर नावाची वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, म्हणजे गल्ला समाज, या बेटांवर राहतो. कोळंबी हे त्यांचं रोजचं अन्न. तिथल्या मासळीच्या धंद्यातल्या रिचर्ड गे यांनी सांगितलेली हकीकत अशी, की 1960 च्या दशकात नॅशनल गार्डच्या शिबिरात शंभरेक सैनिकांना जेवू घालायचं होतं, तेव्हा त्यांनी कोळंबी, मका आणि सॉसेज एका भांड्यात उकळलं. त्याला फ्रॉगमोर स्ट्यू असं नाव पडलं. म्हणजे शिबिर, मोठी पंगत आणि एकच भांडं ही या पदार्थाची जन्मखूण आहे.

पण त्याच देशात उत्तरेला, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर, आणखी एक जुनी रीत आहे. खड्ड्यात दगड तापवायचे, त्यावर ओलं समुद्रशेवाळ पसरायचं, त्यावर शिंपले, कणसं, बटाटे ठेवायचे, वरून पुन्हा शेवाळ आणि झाकण. वरून पाणी घालायचं नाही. शेवाळातल्या ओलाव्याची वाफ सगळं शिजवते. चिलीच्या चिलोए बेटावरचा कुरांतो, न्यूझीलंडच्या माओरींची हांगी, पेरूची पाचामांका हे सगळे याच घराण्यातले. पोपटीही याच घराण्यातली. फरक एवढाच, की बाकीच्यांनी जमीन खणली आणि आपल्या लोकांनी मडकं उपडं केलं.

हे मडकं उपडं का, याचं उत्तर हवं असेल तर ते भरताना नीट पाहावं. तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगा. मग खडे मीठ आणि ओवा. मधोमध अंडी, छोटे बटाटे, वाटण चोळलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा, आणि तोंडाशी भांबुर्डा इतका गच्च दाबून भरायचा, की मडकं उलटं केल्यावर आतलं काही हलू नये. मग ते तोंडावर उभं करायचं आणि भोवती, वरती पेंढा, पातेरा, बारीक काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांत आणि पाल्यात ओल भरपूर असते. तापली की तिची वाफ होते, वाफ वर चढते, आणि वर मडक्याचा बंद तळ असतो. ती तिथे अडते, परतते, पुन्हा चढते. जास्तीचं पाणी खाली पाल्यात झिरपतं, म्हणून शेंगा पाणचट होत नाहीत. मडकं सरळ ठेवून झाकण लावलं असतं, तर वाफ फटीतून गेली असती आणि तळ करपला असता. चार काटक्यांच्या जाळावर पंचवीस माणसांचं जेवण शिजवणारी ही रचना ज्यांनी बसवली, त्यांना वाफेचा स्वभाव पुरता कळला होता.

या मडक्यातल्या प्रत्येक जिनसाचं वय वेगळं आहे. सगळ्यांत जुना वाल. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात वालाचे दाणे मिळाले आहेत. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांची त्याची सोबत आहे. कोकणात तो भाताचा जोडीदार. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर तो येतो, वेगळं पाणी मागत नाही, आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देऊन जातो. ठाणे-रायगडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हिवाळ्यात दुसरं पीक देणारी जी मोजकी कडधान्यं आहेत, त्यांत हा मोठा. बटाटा त्या मानाने अगदी नवा. तो पोर्तुगीजांच्या मार्फत पश्चिम किनाऱ्यावर आला. त्याच्या आधी या मडक्यात कंद असणार, असं मला वाटतं, कारण गुजरातेतल्या वलसाडच्या बाजूला जे उंबाडियुं करतात, त्यात पापडीबरोबर आजही कंद असतात. तिथेही मडकं उपडं, तिथेही वासाचा रानपाला, तिथेही हिवाळाच. वलसाडपासून अलिबागपर्यंत किनाऱ्याला समांतर जो वालाचा पट्टा आहे, त्यावर भाषा बदलली तरी मडकं बदललेलं नाही.

भांबुर्ड्याला मात्र मी सर्वांत मोठा मान देतो. ब्लुमिया प्रजातीतलं हे तण. शेतकरी त्याला उपटून टाकतो, गुरं तोंड लावत नाहीत. पानं लवदार, चिकट. चुरगाळली की कापूर आणि ओवा यांच्या मधला वास येतो. हा वास तापल्यावर शेंगांच्या सालीतून आत उतरतो आणि वालाचा उग्रपणा मारतो. त्याच्या जागी केळीचं पान किंवा कोबीचा पाला घालून केलेली पोपटी मी खाल्ली आहे. ती उकडलेल्या शेंगांच्या पुढे जात नाही. फुकटचं तण हाच जिथे मुख्य मसाला आहे, तो पदार्थ शेतातच जन्माला आला, हे सांगायला वेगळा पुरावा नको. वाड्यात, स्वयंपाकघरात शोधलेला असता तर मसाला डब्यातला असता.

आणि आग. या भागातल्या शेतकऱ्याचं आगीशी जे नातं आहे ते राबातून आलेलं. भाताची रोपं करायची जागा उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या, गवत पसरून भाजतात. वरून माती टाकून धग आवाक्यात ठेवतात. त्याने तणाचं बी मरतं, रोपं जोमाने येतात. 1878 च्या वन कायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष झाला. मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. पाचोळ्यासाठी आयोग बसतो, यावरून इथल्या माणसाच्या जगण्यात पाचोळ्याची किंमत काय होती ते कळावं. किती पाल्याला किती आच, वारा कुठून आहे, धग कधी दाबायची, हे सगळं ज्ञान राबाच्या जागेवर पिढ्यान् पिढ्या घोटलेलं आहे. हिवाळ्यात तेच हात मडक्याभोवती पेंढा रचतात. म्हणून मी पोपटीला राबाची धाकटी बहीण मानतो.

आता कोळंबी. समुद्र धसईहून दूर. ताजी कोळंबी या बाजूला बर्फ आणि डांबरी रस्ते आल्यावरच नियमित पोचली. त्याआधी समुद्र इथे यायचा तो वाळून: सुकट, जवळा, सोडे, बोंबील, आठवड्याच्या बाजारातून. पावसाळ्याची बेगमी त्यावर. गोड्या पाण्यातलं मिळे ते ओढ्यातली बारीक कोळंबी, खेकडे, आणि पहिल्या पावसात पाण्याविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे. हे धरण्यात कातकरी आणि ठाकर बायाबापड्यांचा हात कोणी धरू शकत नाही. पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजणं ही त्यांची रीत. माझं मत असं, की मडक्यात मांस-मासळी पानात बांधून ठेवायची कल्पना या निखाऱ्याच्या रितीतूनच आली असावी. अलिबाग-उरणकडे खाडी जवळ, तिथे मडक्यात कोळंबी जाणं सोपं. मुरबाडकडे ती पाहुणी आहे. पण या पाहुणीला मडकं मानवतं, हे ठामपणे सांगतो.

फक्त तिचा स्वभाव ओळखायला हवा. कोंबडीला पाऊण तास लागतो, कोळंबीला तेवढा वेळ दिला तर ती चिवट होते. पातेल्यात ती दिसते. राखाडी रंग जाऊन नारिंगी आला की काढायची. (हा रंग तिच्या अंगातच असतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं द्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, उष्णतेने ते सुटतं.) मडक्यात काहीच दिसत नाही. म्हणून कोळंबीचं मडकं वेगळं लावावं. त्यात कोंबडी नको, बटाटाही नको. मोठी कोळंबी सालासकट घ्यावी, पाठीचा धागा काढावा, मीठ, हळद आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण चोळावं. कोकमाचं आगळ लावायचंच असेल तर अगदी शेवटी. आंबटात फार वेळ राहिली की मांस आधीच आकसतं. मूठ-मूठ कोळंबी केळीच्या पानात बांधावी आणि पुड्या कोवळ्या शेंगांच्या मधोमध ठेवाव्यात. भोवतीच्या शेंगा ताप झेलतात, कोळंबीपर्यंत नुसती वाफ पोचते. जाळ पेटल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं पुरे. मडकं तयार झालं का, हे पाहायची जुनी खूण आहे: वरून पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चुर्र होऊन लगेच उडून गेले, की आग बाजूला सारायची.

पंचवीस जणांना एक मोठं मडकं लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. मोठ्या मडक्याचा गाभा कच्चा राहतो आणि कडा करपतात. मध्यम आकाराची चार मडकी लावावीत: दोन शेंगा-अंड्यांची, एक कोंबडीचं, एक कोळंबीचं. सात-आठ किलो शेंगा, चार किलो कोंबडी, तीन किलो कोळंबी यात पंगत तृप्त होते. कोळंबीचं मडकं सर्वांत शेवटी पेटवावं, म्हणजे सगळी एकदम उघडता येतात. घरातलं वापरात मुरलेलं जुनं मडकं मिळालं तर उत्तम. कोरं एकदम जाळात तडकतं. अलीकडे तेलाचा पत्र्याचा डबा वापरतात. त्यात पोपटी होते, पण पत्रा झटकन तापतो, झटकन निवतो, आणि आग काढल्यावर मातीत जी पाच-दहा मिनिटं धग राहते ती मिळत नाही. त्या मुरण्यातच चव आहे. म्हणून मी मातीच्या बाजूचा.

ओल्या गोणपाटाने मडकं धरायचं, सरळ करायचं, तोंडचा करपलेला पाला काढायचा आणि सगळं गोणपाटावर किंवा केळीच्या पानांवर ओतायचं. फ्रॉगमोरला कागदावर ओततात तसंच. ताट-वाटी नाही, वाढपी नाही, पहिली पंगत-दुसरी पंगत नाही. शेतमालक, गडी, पाहुणे, पोरंसोरं एकाच ढिगाभोवती बसतात आणि दाणे सोलून खातात. गावजेवणात कोण कुठे बसणार हे ज्या काळात जातीवरून ठरायचं, त्या काळातही शेतातल्या ढिगाभोवती ते बंधन थोडं सैल झालं असेल, असा माझा विश्वास आहे.

यंदा पौष-माघात धसईकडे मुक्कामाला जाणार असाल तर पातेलं घरी ठेवा. वालवाल्या शेतकऱ्याला आधी विचारा, शेंगा त्याच्याकडूनच विकत घ्या, जागाही त्याच्याच मोकळ्या खाचरात मागा. भांबुर्डा बहुधा तो स्वतःच तोडून देईल, कारण त्याला तो नकोच असतो. डोंगराच्या कडेला, झाडीत मडकं लावू नका. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे, आणि त्या दिवसांत उतारावरचं गवत इतकं वाळलेलं असतं, की एक ठिणगी पुरते. निघताना राख पाण्याने भिजवा, हाताने चाचपून थंड झाल्याची खात्री करा आणि मगच तंबूत जा.