टायरच्या आकड्यांची कुळकथा

मोटार वळणावर कशी वागेल याचे गणित मांडणाऱ्या अभियंत्याला चाकांमधले अंतर, गुरुत्वमध्य, स्प्रिंगांचा ताठपणा ही मापे स्वतः घेता येतात. त्याचे घोडे अडते ते टायरपाशी, कारण मोटारीला वळवणारे आणि रोखणारे बल ज्या तळहाताएवढ्या रबरी ठशातून रस्त्याला मिळते, त्याचे वर्तन निव्वळ सिद्धांतातून पुरेसे नेमके काढता येत नाही, ते मोजावेच लागते.

या मोजणीच्या मुळाशी एक उपद्रव होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींचे वेग वाढले, तशी त्यांची पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागली. या दोषाचा शोध घेताना फ्रान्समधील जॉर्ज ब्रुलिए यांनी 1925 मध्ये दाखवून दिले की, बाजूने बल आले की हवेचा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो नेमका त्या दिशेने जात नाही. या दोन दिशांमधल्या कोनालाच पुढे ‘स्लिप अँगल’ म्हणू लागले, आणि कोणत्या कोनाला बाजूचे बल किती, हा टायरविषयीचा मूळ प्रश्न ठरला. 1930च्या दशकात त्याची उत्तरे फिरत्या पोलादी ड्रमवर टायर दाबून शोधली गेली. गुडइयर कंपनीच्या आर. डी. इव्हान्स यांनी 1935 मध्ये असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र ड्रमचा पृष्ठभाग गोल असल्याने टायरचा ठसा सपाट रस्त्यावर उमटतो तसा त्यावर उमटत नाही, आणि ही उणीव पुढची कित्येक वर्षे तशीच राहिली.

ती भरून काढणारी परंपरा विमानविद्येतून आली. अमेरिकेत बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत विल्यम मिलिकन आणि त्यांचे सहकारी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीला लावू पाहत होते. विमानाच्या पंखावरची बले पवनबोगद्यात मोजता येतात, तशी टायरवरची मोजण्यासाठी त्यांनी ट्रकवर बसवलेले यंत्र खऱ्या रस्त्यावर चालवले, आणि 1956 मध्ये लंडनमध्ये मांडलेल्या त्यांच्या निबंधांनी हे शास्त्र पक्क्या पायावर उभे केले. पुढे हीच प्रयोगशाळा कॅलस्पॅन झाली आणि 1970च्या दशकात तिथे दोन ड्रमांवरून फिरणाऱ्या सपाट पोलादी पट्ट्याचे यंत्र आले. त्यावर उभा भार, हवेचा दाब, चाकाचा कल आणि स्लिप अँगल वेगवेगळे बदलून पाहता येतात. टायरवरचा भार दुप्पट केला तरी बाजूचे बल दुप्पट होत नाही, हे अशा मोजणीत स्वच्छ दिसते. मोटारीच्या तोलाचे निम्मे राजकारण या एका गोष्टीत दडलेले आहे.

मोजलेल्या हजारो बिंदूंना एका वक्रात बसवणारे सूत्र डेल्फ्टचे हान्स पासेका आणि व्होल्वोचे अभियंते यांनी 1987 मध्ये मांडले. ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे त्याचे नाव चांगलेच रूढ झाले असले तरी काहीसे फसवे आहे, कारण ते सूत्र आकड्यांना आकार देते, आकडे निर्माण करत नाही.

आकडे मिळणे हीच खरी अडचण, कारण टायर कंपन्या ते सहसा व्यवसायाचे गुपित म्हणून राखतात आणि चाचणीचा खर्च एकट्याला झेपणारा नसतो. फॉर्म्युला स्पर्धांसाठी छोट्या रेसिंग मोटारी बांधणाऱ्या विद्यार्थी संघांनी त्यावर वर्गणीचा मार्ग काढला: टायर टेस्ट कन्सॉर्शियम या सामाईक मंडळामार्फत चाचण्या कॅलस्पॅनच्या यंत्रावर होतात आणि आकडे फक्त सभासदांना मिळतात. परंतु त्या यंत्राच्या पट्ट्यावर रस्त्याच्या जागी वाळूकागदासारखा खरखरीत थर असतो, त्यावर टायर डांबरापेक्षा जास्त पकड दाखवतो, आणि म्हणून जाणते संघ मिळालेली पकड सुमारे 0.6 ते 0.7 ने गुणून, नंतर आपल्या मोटारीच्या प्रत्यक्ष धावेशी ताडूनच वापरतात.