पूर्णा जंक्शन, जुलै १९७३

तू पूर्णेच्या फलाटावर उभा आहेस आणि अख्खा फलाट आभाळाकडं बघतोय. बहात्तरचा दुष्काळ अजून माणसांच्या अंगावरून उतरलेला नाही. तुझी माय उन्हाळाभर खडी फोडायला जात होती; धाकट्या भावाला मिळालेल्या सुकडीतली मूठभर तूही खाल्लीस. मीटरगेजची गाडी धापा टाकत येते. चुडावा, लिंबगाव, मग नांदेड. खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळशाची कणी जाणार हे ठाऊक असूनही तू खिडकीच धरतोस.

परभणीला मागच्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, विद्यापीठ झालं, पण ते शेतीचं. तुला ऐकायचेत कुरुंदकर गुरुजी. नरहर कुरुंदकर आपल्याच जिल्ह्यातले, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला जन्मलेले. (कळमनुरी पुढं हिंगोली जिल्ह्यात जाणार आहे, पण त्याला १९९९ उजाडावं लागेल.)

गुरुजी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवतात. हे कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं १९५० मध्ये उभं राहिलं. तुझ्या वडिलांच्या वेळी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथलं माध्यम उर्दू. वडील आजही दुकानाचा हिशेब उर्दूत मांडतात. गुरुजींचे मामा ना. गो. नांदापूरकर त्याच उस्मानियात मराठी शिकवत. निजामाच्या राज्यात आपली भाषा जपणं हे केवढं काम होतं, ते तुला वडिलांच्या वहीकडं बघून कळतं.

वर्गात दाटी आहे. तास मराठीचा, पण तो वाङ्मयापुरता थांबत नाही. पाच वर्षांपूर्वी रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ आली, तिची प्रस्तावना गुरुजींची. तिच्यातला मुद्दा आज बाकावर बसून तुला नव्यानं भिडतो. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजाराम जिंजीला गेले, आणि तरी औरंगजेब १७०७ पर्यंत झुंजत राहिला आणि इथंच मेला. राजा नसतानाही माणसं लढत राहिली. ती का लढली, हे विचारल्याशिवाय शिवाजी कळत नाही. लढायांची सनावळी पाठ करून तू आलास, पण हा प्रश्न तुला कोणी घातलाच नव्हता.

माझ्या मते या माणसाचं मोठेपण इथं आहे. कायदा, राज्य, इतिहास, साहित्य अशा वेगळ्या खोल्या त्यांनी केल्या नाहीत. मनुस्मृती असो, नाट्यशास्त्र असो की भारताची घटना, तो ग्रंथ कोणत्या समाजानं घडवला आणि त्याचं ओझं कोणाच्या पाठीवर पडलं, हे ते तपासत. मनुस्मृतीला त्यांचा विरोध ठाम होता, पण तो मूळ ग्रंथ बारकाईनं वाचून केलेला विरोध होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मराठवाड्याला असाच शिक्षक हवा होता. इथल्या लोकांना सप्टेंबर १९४८ पर्यंत प्रजा म्हणूनच वागवलं गेलं. नागरिक कसं व्हायचं, हे शिकवायला दुसरं कोण येणार होतं?

एप्रिलमधल्या पेपरात तू केशवानंद भारती खटल्याचा निकाल वाचलास. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. वर्गातल्या दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही की जून १९७५ मध्ये आणीबाणी येईल. गुरुजी १० फेब्रुवारी १९८२ ला, पन्नाशीही न गाठता, औरंगाबादेत जातील, हेही नाही. तुला दोन्ही ठाऊक आहे, आणि सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही. पण प्रश्न तर विचारता येतो. बाक सरकवून तू उठतोस.

“गुरुजी, राजा नसताना माणसं लढली, हे कळलं. पण राज्य आपणच निवडलेलं असेल आणि तेच घटना बाजूला ठेवायला लागलं, तर लढायचं कोणी आणि कशाच्या बळावर?”