तेरची चौकट आणि गोठ्याचा खांब



लाकूड म्हटले की आज ना उद्या सडायचेच, असे आपण सर्रास म्हणतो. आपल्याच जिल्ह्यातले तेर गाव मात्र वेगळे सांगते. तेर म्हणजे जुने तगर, सातवाहनांच्या काळातली नावाजलेली पेठ. तिथल्या विटांच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट अभ्यासक सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानतात. आज ती गावातल्याच लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळते. पुणे जिल्ह्यातल्या कार्ले लेण्यात छताच्या लाकडी कमानी त्याहूनही जुन्या आहेत. वर कातळाचे छप्पर असल्याने त्यांना पावसाचा मार नाही आणि जमिनीची ओलही नाही.

लाकडाचा खरा वैरी ओल. लाकडातले पाणी वीस टक्क्यांच्या खाली राहिले, की कुजवणारी बुरशी वाढत नाही. वाळवीही जमिनीतूनच मातीच्या नळ्या बांधत वर चढते.

आपल्या वाडवडिलांनी हे ओळखले होते. माळवदाचा खांब ते मातीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती कोसळल्या, तरी बऱ्याच घरांतले लाकडी खण उभे राहिले. खांब बुडाशी पोखरलेला असेल, तर हा आधार कुठून मिळणार?

पुढे औषधे आली. १८३८ साली इंग्लंडात बेथेल यांनी दगडी कोळशाच्या डांबराचे तेल लाकडात दाबाने मुरवण्याचे पेटंट घेतले. रेल्वेचे स्लीपर त्यामुळे टिकू लागले. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ते गुणकारी खरे, पण आर्सेनिक विषारी. असे लाकूड गव्हाणीला लावू नये, चुलीतही घालू नये.

तेव्हा गोठा, मांडव किंवा उघड्यावरचा लाकडी ओटा करताना एवढे सांभाळा :

१. लाकूड वाळलेले व गाभ्याचे घ्या. कडेचे पांढरे लाकूड लवकर किडते.

२. खांब दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

३. फळ्यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

४. मृगाआधी कोरड्या लाकडाला जवसाचे तेल चोळा. कापलेल्या टोकांना दोनदा द्या, पाणी तिथूनच आत शिरते.

५. वाळवीची नळी दिसताच खरवडून काढा व बुडाशी साचलेला पालापाचोळा हटवा.

औषधाचा खर्च नंतर करा. आधी खांबाचे बूड कोरडे ठेवा.